भूपेशच्या आवाजाची मानता

जसोदाबाईंच्या फोनवर भूपेशचं गाणं येऊन पडलं होतं आणि त्या ते ऐकत नव्हत्या. ज्यांना जसोदाबाई ठाऊक होत्या त्यांना हे सांगितलं असतं तर बाईंची तब्येत बिघडली असावी असंच वाटलं असतं. गेली तीन वर्षं त्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. केळीला पाणी द्यायला गेल्या तरी फोन कमरेला, भाकरी थापताना फोन ओट्यावर, आणि त्यातून तो भूपेश असा काही ओरडायचा की त्या आवाजानं आपली नवी म्हैस दूध चोरायला लागली, असं त्यांचे यजमान रतिलाल गावभर सांगत फिरायचे. म्हैस मुळातच खट्याळ होती ही गोष्ट ते सांगायचे नाहीत.

भूपेश हा पुण्याचा रॉक गायक. खांद्यापर्यंत केस, दंडावर गोंदलेलं, आणि साथीला पेटी-तबला नाही, तर गिटार आणि ड्रम. तापीकाठच्या एका गुजर घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असल्या माणसाचं वेड का लागावं, हे शोधून काढायचा गल्लीतल्या लोकांनी पुष्कळ प्रयत्न केला. कारण अगदी साधं होतं. मुलगी भाविका पुण्याला शिकायला गेली तेव्हा आपला जुना फोन आईला देऊन गेली आणि त्यात तिची गाणी तशीच राहिली. एका दुपारी पपईच्या बागेत त्यातलं एक अचानक वाजायला लागलं. जसोदाबाई आधी दचकल्या, मग बांधावर बसल्या, आणि गाणं संपलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत. सासरी आल्यापासून त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. कुणी बंदी केली होती असं नाही, पण चढवला नव्हता खरा. आणि हा कोण कुठला पोरगा त्यांच्याही वाटचं सगळं ओरडून मोकळा होत होता. त्यांना फार बरं वाटलं.

दोघांची मैत्री मात्र चुकीनं झाली. भाविकानं आईला इन्स्टाग्रामवर भूपेशचं पान काढून दिलं होतं. एकदा मुलीला निरोप पाठवायचा म्हणून जसोदाबाईंनी भलत्याच ठिकाणी बोट दाबलं आणि तिथंच बोलून टाकलं, "भाविका, चटनी गाडीवर दिधी शे, याद करीसन उतारी ले. आनी तुन्हा त्या गानारा पोऱ्याले कोनी तरी सांगा, हाई नवं गानं त्यानी नुसतं वरवर म्हनेल शे. त्यामा जीव नही."

निरोप गेला थेट त्या 'गानारा पोऱ्या'कडे. आता हा पोऱ्या काही लहान नव्हता, चांगला छत्तीस वर्षांचा घोडा होता. पण त्याची आई दोंडाईच्याची, आणि ती गेल्यापासून त्याला अहिराणीत कुणी झापलं नव्हतं. तो निरोप त्यानं चार वेळा ऐकला आणि उत्तर पाठवलं, "मावशी, गाण्याचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. चटणी मलाही पाठवाल का?"

चटणी गेली. ते नवं गाणं पुढं लोकांनी डोक्यावर घेतलं, लग्नाच्या वरातींत वाजलं, पण जसोदाबाईंनी आपलं मत तसूभरही बदललं नाही. भूपेशला याचीच गंमत वाटली. तेव्हापासून प्रत्येक नवं गाणं बाहेर जायच्या आधी त्यांच्याकडे यायला लागलं आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो दौऱ्यावरून हॉटेलातल्या जेवणाचे फोटो पाठवायचा, त्या "हाई काय जेवन शे?" म्हणून त्याची कीव करायच्या. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ पाठवलं, त्यानं भाकरी जाळून तिचाही फोटो पाठवला. रतिलाल ट्रॅक्टरवरून पडून पाय मोडून बसले तेव्हा तो रोज संध्याकाळी त्यांना फोन करायचा आणि दोघं क्रिकेटवर भांडायचे. प्रत्यक्ष भेट एकदाच झाली होती. नाशिकला कार्यक्रम होता, तिथं स्टेजमागे जाऊन जसोदाबाईंनी सगळ्या बँडदेखत त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ड्रम वाजवणारा पोरगा अजून त्याला त्यावरून चिडवतो.

मागच्या उन्हाळ्यात भूपेशचा आवाज गेला. 'चढण' नावाचं त्याचं गाणं आहे, ते पायरी पायरीनं वर जातं आणि शेवटी असं काही उंच टोक गाठतं की ऐकणारा श्वास घ्यायला विसरतो. हजारो लोकांसमोर त्या टोकावर आवाज टरकन फाटला. घशात गाठी निघाल्या, ऑपरेशन झालं, डॉक्टरनं महिनोन्‌महिने तोंड बंद ठेवायला सांगितलं. तो नुसतं लिहायचा. जसोदाबाईंना टाइप करायला जमायचं नाही, त्या बोलायच्या. त्याच्या मुक्या निरोपांना आपण बोलून उत्तर द्यायचं याचंच त्यांना वाईट वाटायचं.

श्रावणात गल्लीत कानबाई देवी बसली. खानदेशात कानबाईला मानता मानतात, म्हणजे नवस बोलतात, आणि मानता म्हटली की काहीतरी सोडावं लागतं. जसोदाबाईंनी गोड सोडावं म्हटलं, तर ते साखर वाढल्यामुळं डॉक्टरनं आधीच सोडायला लावलेलं. डॉक्टरच्या नावचं देवीच्या नावावर खपवणं त्यांना बरं वाटेना. चहा सोडावा, तर तो सोडल्यानं जीव तुटेल इतका काही आवडत नव्हता. मग जीव तुटेल असं काय आहे, हे त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर लगेच मिळालं. विसर्जनाला निघालेल्या कानबाईपुढं हात जोडून त्या मनात म्हणाल्या, 'माय, त्या पोऱ्याले त्याना आवाज वापस दे. तो चार मानसंमा उभा ऱ्हाईसन म्हनी, तवयच मी त्यानं गानं ऐकसु. तोवर नही.'

चार माणसांत अशासाठी, की न्हाणीघरात तर रतिलालही गायचे. गाणाऱ्याचा आवाज परत आला असं म्हणायचं तर तो लोकांत यायला पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्या दिवसापासून त्यांनी भूपेशचं गाणं लावलं नाही. पपईच्या बागेत गप्प काम करताना त्यांना कितीदा तरी भडभडून यायचं.

आता डिसेंबर सरला होता, डॉक्टरनं गायची परवानगी दिली होती, आणि भूपेशनं खोलीचं दार लावून एकट्यानं 'चढण' म्हणून ते फोनवर टिपून सगळ्यांत आधी मावशीला धाडलं होतं. खाली लिहिलं होतं, "मावशी, फेब्रुवारीत पुण्यात मोठा कार्यक्रम आहे. मी गाणार की नाही, ते रविवारपर्यंत कळवायचंय. बँडवाले, डॉक्टर, सगळे म्हणतात आवाज होता तसाच आहे. माझा विश्वास बसत नाही. तू ऐक आणि सांग. तू हो म्हणालीस तर स्टेजवर चढतो. नाही म्हणालीस तर गाणं कायमचं बंद, मामाच्या टायरच्या दुकानात बसतो."

जसोदाबाईंनी त्याला फोन लावला.

"भाऊ, मी नही ऐकी सकस."

"का? फोन बिघडला का?" किती महिन्यांनी त्याचा बोलण्यातला आवाज त्यांच्या कानावर पडला. तो दबकत, शब्द जपून ठेवत बोलत होता.

"फोन बरा शे. मी मानता मानेल शे," असं म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मग तो म्हणाला, "मावशी, मला चार माणसांत उभंच राहता येत नाही. परवा बँडसमोर तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली. एकटा असलो की जमतं. तू ऐकून बरं आहे म्हणालीस, तरच मला धीर येणार आहे."

"आनी तू चार मानसंमा म्हनशी, तवय मी ऐकसु."

"म्हणजे आधी कोण?"

"तू."

त्यानं फोन ठेवला. खरं सांगायचं तर आपटला.

मग घरात चर्चा झाली. भाविकानं पुण्याहून तोड काढली, मी ऐकते आणि आईला सांगते. तिनं ऐकलं, फार छान आहे म्हणाली. भूपेशला तिचं मत नको होतं, त्याच्याकडे छान म्हणणाऱ्यांचा तोटा नव्हता. रतिलालांनी जास्त सोपा मार्ग सुचवला.

"ऐकी ले ना चूपचाप. कानबाईले कोन सांगाले जाई ऱ्हायनं?"

"कानबाईले कोनी नही सांगाव," जसोदाबाई म्हणाल्या, "पन माले तर माहीत ऱ्हाई."

चार दिवस भूपेशचा ना फोन ना निरोप. जसोदाबाई दिवसातून किती वेळा फोन उघडायच्या, त्या गाण्यावरच्या त्रिकोणी खुणेजवळ बोट न्यायच्या आणि मागे घ्यायच्या. एवढंसं बोट आवरायला इतका जोर लागतो हे त्यांना नव्यानंच कळत होतं. आणि खरं तर मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी रतिलालांनाही सांगितली नव्हती. त्यांना त्या गाण्याची भीती वाटत होती. ऐकलं आणि आवाज गेलेलाच निघाला, तर? खोटं बोलायचं नाही हा त्या दोघांतला एकच करार होता. मग 'नाही' म्हणावं लागलं असतं आणि पोरगा टायरच्या दुकानात जाऊन बसला असता. मानता खरी होती, पण आपण तिच्या आड लपूनही बसलोय, हे त्यांना समजत होतं. त्याची त्यांना लाज वाटत होती.

शुक्रवारी रात्री निरोप आला, "ट्रॅव्हल्सनं निघालोय. सकाळी नंदुरबारला पोहोचतो."

शनिवारी जसोदाबाईंना तसंही नंदुरबारला जायचंच होतं. त्यांचे भाऊ शांतीलाल यांची शहराबाहेर मिरचीची पथारी आहे, तिथून वर्षाची मिरची निवडून आणायची होती. भावजयीनं वातींसाठी घरचा कापूस मागितला होता, तो पिशवीत घालून त्या पहाटेच्या एसटीनं निघाल्या. बसमधून उतरणाऱ्या भूपेशला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. केस कापलेले, गालफडं बसलेली, गळ्याला मफलर. त्यांनी त्याला रिक्षात घातलं आणि भावाकडे घेऊन गेल्या, कारण तिथं चहा-नाश्ता होता आणि बसून बोलायला शांतीलालांची खोलीही होती.

पथारी म्हणजे मोकळं माळरान, आणि जानेवारीत त्यावर नजर पोहोचेल तिथपर्यंत लाल मिरची वाळत घातलेली. नंदुरबारच्या माणसाला त्या वासाचं काहीच वाटत नाही. ज्याच्या घशाचं ऑपरेशन झालंय अशा माणसाला आपण इथं आणतोय, हे जसोदाबाईंच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. रिक्षातून उतरल्या उतरल्या भूपेशला जो ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मफलर तोंडात. पथारीच्या कडेला ओळीनं बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका पदराआड हसायला लागल्या.

"मन्हं डोकंच चालं नही," म्हणत जसोदाबाईंनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, स्वतःच्या पदरानं त्याचं तोंड पुसलं. हळूहळू ठसका बसला. शांतीलालांकडची गरम भजी खाऊन झाल्यावर त्यानं विषय काढला.

"मावशी, शांतीलालमामांची ही खोली आहे. दार लावू. तू आणि मी. एकदाच म्हणतो."

"मी एकलीच म्हंजे चार मानसं नही, भाऊ."

"अगं, एवढ्या लांब आलोय मी! उद्या रविवार. तुला माझ्यापेक्षा ती मानता मोठी वाटते?"

हे मात्र जसोदाबाईंना लागलं. "सहा महिना व्हयनात," त्या म्हणाल्या. "सहा महिना मी तुन्हं एक गानं ऐकं नही. तुले काय वाटस, सोपं व्हतं? मन्हाकडे दुसरं काय शे सोडासारखं?"

पण भूपेशही हट्टी, आणि घाबरलेला माणूस दुप्पट हट्टी होतो. तो खोलीबाहेर आला, खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "ठीक आहे. तू बोट लावू नकोस. मी इथंच मोठ्यानं लावतो. मग काय कानावर हात ठेवून बसणार आहेस?"

जसोदाबाईंनी हात ठेवले नाहीत. त्यांनी पिशवीतला वातींचा कापूस ओढला, दोन गच्च बोळे केले, दोन्ही कानांत कोंबले आणि तरातरा चालू लागल्या. मिरचीच्या कडेकडेनं त्या जवळजवळ पळतच पथारीच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या बाईला इतक्या भरभर जाताना बघून बायकांनी देठ खुडता खुडता माना उंचावल्या.

"अगं ए! मावशी!" भूपेश त्यांच्यामागं धावला आणि त्यानं पहिलं पाऊल मिरचीत टाकलं.

"ओ सायेब! बूट! मालवर बूट नका!" फावड्यानं मिरची उलथणारा जान्या, पथारीवरचा जुना माणूस, असा खेकसला की भूपेश आहे तिथं खांबासारखा उभा राहिला. माल पायाखाली घालणं म्हणजे पथारीवर केवढा अपराध, हे त्या पुण्याच्या माणसाला कुठून ठाऊक असणार! त्यानं पाय मागे घेतला. पुढं लाल मिरची पसरलेली आणि त्यापलीकडे मावशीची पाठ.

"मावशी!" त्यानं हाक मारली. पाठ हलली नाही.

"मावशी, नाही लावत फोन! परत ये!" जरा मोठ्यानं. काही नाही.

खुडणाऱ्या बायकांत बेबीबाई म्हणून एक होती, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "येवढासा आवाजमा कसं ऐकू येई तिले? कानमा कापूस शे तिन्हा."

भूपेशनं बेबीबाईकडे बघितलं, त्या पाठीकडे बघितलं, आणि त्याचं टाळकं सरकलं. इतके महिने जपलेला, दबकत वापरलेला, मफलरात गुंडाळलेला गळा तो विसरला. पोटात होता नव्हता तेवढा वारा भरून तो ओरडला,

"जसोदामावशीऽऽऽ!"

पथारीच्या कुंपणावरचे पक्षी उडाले. जान्याचं फावडं थांबलं. शांतीलाल खोलीतून बाहेर आले. मावशीला ऐकू गेलं नाही ते नाहीच, कापूस घरचा होता आणि चांगला होता. पण भूपेश स्वतःच्या गळ्याला हात लावून उभा होता. काहीच फाटलं नव्हतं. दुखलंसुद्धा नव्हतं.

"माय वं!" बेबीबाई म्हणाली. "येवढा आवाज शे आनी हाऊ बाईना मांगे कसाले रडी ऱ्हायना? काय काम करस रे भाऊ तू?"

"गाणं म्हणतो," तो म्हणाला.

"मंग म्हन ना एखादं. आम्हना हात तरी पटपट चालतीन."

बायका हसल्या, दोघीतिघींनी "म्हन, म्हन" केलं. त्यांच्यातल्या एकीलाही भूपेश कोण हे ठाऊक नव्हतं. याआधी तो कसा गायचा हेही ठाऊक नव्हतं, त्यामुळं आता कमी गायला असं कुणी म्हणणार नव्हतं. भूपेशनं पुन्हा एकदा लांबच्या त्या पाठीकडे पाहिलं. ती ऐकणार नव्हती. ती ऐकेल, मान डोलावेल, मग धीर येईल, असं तो इतके दिवस धरून बसला होता, आणि ती तर तिकडं तोंड करून उभी होती. आता जे करायचं ते तिच्यावाचून करायचं होतं. त्यानं मफलर काढला आणि 'चढण' सुरू केलं.

तिकडं जसोदाबाई कापसाच्या आतल्या शांततेत उभ्या होत्या आणि पोराला फार तोडून बोललो का, याचा विचार करत होत्या. आपण असं पळून आलो हे बरं दिसलं नाही. तो रागावून गेला असेल, बस पकडली असेल, आणि पुन्हा त्याचा निरोप येणार नाही. तो विचार इतका नकोसा होता की त्या वळल्या.

पहिल्यांदा त्यांना दिसले ते बायकांचे हात. देठ खुडणाऱ्या बाईचे हात कधी थांबत नाहीत. ती बोलते, भांडते, पोराला पाजते, पण हात चालूच असतात, कारण जेवढं खुडलं तेवढीच मजुरी. इथं सगळ्यांचे हात मांडीवर पडले होते. बेबीबाईचं तोंड उघडं होतं. जान्या फावड्यावर हनुवटी टेकवून उभा होता. आणि त्यांच्यामध्ये भूपेश, ताठ, डोळे मिटलेला, गळ्याच्या शिरा फुगलेल्या.

चार माणसांत. उभा राहून.

जसोदाबाईंनी आधी एक बोळा काढला, मग दुसरा. गाणं वाऱ्याबरोबर आलं आणि त्यांना कळेना की हे कोण गातंय. हा तो जुना आवाज नव्हता. तो आवाज पात्यासारखा होता, हा खरखरीत होता, जाड, खाली बसलेला, वर चढताना दम लागल्यासारखा थांबणारा. त्या कडेकडेनं परत येत राहिल्या आणि ऐकत राहिल्या. शेवटचं उंच टोक जवळ आलं. भूपेशनं जोर केला, आवाज चिरकला आणि थांबला. त्यानं डोळे उघडले तेव्हा मावशी समोर होती, आणि तिच्या हातात कापसाचे दोन बोळे होते.

"ऐकलंस?" त्यानं विचारलं. आणि मग पहिल्यांदाच आपल्या आईच्या बोलीत म्हणाला, "कसा शे?"

जसोदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आज त्याला मिरचीचं कारण सांगून चालणार नव्हतं. खोटं बोलावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा इतकं मनापासून वाटलं. 'होता तसाच शे' एवढे तीनच शब्द होते.

"तो आवाज नही उना, भाऊ," त्या म्हणाल्या. "तो गया. हाऊ दुसराच शे."

शांतीलालांनी कपाळावर हात मारला. बेबीबाई "काय वं बाई!" म्हणाली. पण भूपेश खाली बसला, तिथंच मातीत, बायकांच्या ओळीत, आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडला. सगळ्यांना वाटलं बाईनं पोराला मारलं. त्यानं वर पाहिलं तेव्हा मात्र तो हसत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मावशी, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळे म्हणायचे तसाच आहे, तसाच आहे. मला वाटायचं, मलाच वेड लागलंय. मी रोज दार लावून त्यालाच शोधत होतो."

जसोदाबाई त्याच्याजवळ बसल्या. मानता फिटली की नाही, ते कानबाई आणि आपण नंतर पाहून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग आते ह्या दुसराचं काय करू?" तो म्हणाला. त्याची अहिराणी मोडकीच होती.

"काय करशी? म्हन. माले पहिलाईन ऐकनं शे. सहा महिनानी भूक शे मन्ही."

"आणि उद्या पुण्याला काय कळवू?"

"हो म्हन. आनी मन्ही एक खुर्ची ठेवा म्हन."

भूपेशनं पाणी मागितलं आणि घोटभर प्यायला. बेबीबाईनं सरकून त्याला उभं राहायला जागा करून दिली. त्यानं मनातल्या मनात सूर धरून पाहिला, एकदा मान हलवली, आणि 'चढण' पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी दोन पट्ट्या खाली.